दुसऱ्या नावाची जागा

१

माझी मुलगी दीड महिन्याची झाली तरी तिला नाव नव्हतं, आणि आमच्या गावात त्याचं कुणालाच काही वाटत नव्हतं. बारसं होईपर्यंत मूल म्हणजे नुसतं मूल. आम्ही तिला पोरगी म्हणायचो. पोरगी झोपली, पोरगी उठली, पोरगीने माझ्या धुतलेल्या शर्टावर दूध ओकलं. पाद्रीने सगळ्यांसमोर विचारल्यावरच नाव तोंडाबाहेर काढायचं. तोवर आईबापांनी ते गिळून बसायचं, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांनी ते काढून घ्यायला जंग जंग पछाडायचं. पोस्टात गेले की पोस्टातली बाई विचारायची, "म पासून आहे का गं?" मी म्हणायचे, "तिकिटं दे."

नाव ठरलेलं होतं. डाग्नी. माझ्या आईचं. मला दिवस गेले तेव्हा आई राजधानीत, रेक्याविकच्या हॉस्पिटलात होती आणि घरी परत येणार नव्हती. हे तिला माहीत होतं आणि मलाही. मी म्हटलं, "मुलगी झाली तर तुझं नाव ठेवणार." ती म्हणाली, "काहीतरी छान ठेव की, हे केवढं जुनाट आहे," आणि त्याच दिवशी नर्सकडून लोकर मागवून तिने टोपी विणायला घेतली. पांढरी, लाल काठाची. टोपी पूर्ण झाली, आई राहिली नाही. त्यामुळे पहिल्या नावाबद्दल माझ्याशी कुणी वाद घालायचा नव्हता.

प्रश्न दुसऱ्या नावाचा होता. माझ्या नवऱ्याला, स्टेनारला, दुसरं नाव हवंच होतं. एकट्या नावाला थंडी वाजते, असं त्याचं म्हणणं. रस्ते साफ करणाऱ्या खात्यात नोकरी असल्यामुळे तो दिवसभर गाडीत एकटा असतो, आणि असले विचार त्याला तिथे सुचतात.

दुपारचं जेवण झालं की मी पोरगीला बाबागाडीत गुंडाळून बाहेर झोपवायचे. सगळेच झोपवतात. बाहेरच्या हवेत मुलं गाढ झोपतात. गाडी स्वयंपाकघराच्या खिडकीखाली, पावसाच्या पाण्याच्या पिंपाशेजारी. गाडीचं टप समुद्राकडे, कारण वारा तिकडून येतो. म्हणजे पोरगीचं तोंड डोंगराकडे. ब्रेक लावायचा, मांजर चढू नये म्हणून जाळी टाकायची आणि आत येऊन भांडी घासत मधूनमधून डोकवायचं.

मे महिन्यातल्या एका दुपारी मी डोकावले तर गाडी फिरलेली होती. टप डोंगराकडे, आणि पोरगीचं तोंड आमच्या घराच्या दाराकडे. ती जागी होती. रडत नव्हती. एखाद्या येणाऱ्या माणसाकडे बघावं तशी दाराकडे बघत होती.

मी बाहेर गेले. ब्रेक लावलेलाच होता.

मी धंद्याने वायरमन आहे. वायरवुमन म्हणायचं असेल तर म्हणा, बिलात फरक पडत नाही. आपोआप काही होत नाही, एवढं हा धंदा शिकवतो. फ्यूज उडतो त्याला कारण असतं, फक्त ते अजून सापडलेलं नसतं. मी गाडी परत फिरवली, ब्रेक लावला, दोनदा हलवून बघितला. वाऱ्याने फिरली असेल म्हटलं. त्या दिवशी वारा नव्हता, हे मला भांडी पुसताना आठवलं.

२

माझी सासू आसलौग रविवारी यायची. येताना पॅनकेक आणायची आणि ते संपेपर्यंत बसायची. आमच्यात चांगलं चाललं होतं, कारण मी तिच्या घरची इस्त्री, ओव्हन आणि गॅरेजचं दार फुकट दुरुस्त करत होते.

"नाव ठरलं?" तिने विचारलं.

"ठरलं."

"दोन्ही?"

"आसलौग, तू कितीही गोड बोललीस तरी मी सांगणार नाही."

"मी कुठे विचारतेय. माझं नाव ठेवू नका म्हणजे झालं," ती म्हणाली. म्हणजे ठेवलं तर तिला रडू आलं असतं. मग तिने पॅनकेकची गुंडाळी साखरेत बुडवली आणि सहज विचारावं तसं विचारलं, "पोटात असताना कुणी आलं होतं का नाव मागायला?"

हा प्रश्न आमच्याकडे प्रत्येक बाईला विचारतात. मेलेली माणसं स्वप्नात येतात, त्यांना नाव हवं असतं. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. पण स्वप्न पडलं होतं हे खरं, आणि आसलौगपुढे खोटं बोलता येत नाही.

"मार्चमध्ये," मी म्हटलं. "एक बाई. काचेच्या दारावर कुणीतरी टकटक केलं."

"टकटक केलं?"

आमच्याकडे दार कुणी वाजवत नाही. बाहेरचं दार उघडून यायचं, मधल्या छोट्या खोलीत बूट काढायचे, आणि काचेचं दार ढकलून सरळ स्वयंपाकघरात. टकटक करतो तो परका.

"मी उघडलं. बुटांच्या खोलीत उभी होती. माझ्याएवढीच असेल. पायात मोजे, आणि बूट हातात. ठेवायला जागा मिळाली नाही तर माणूस कसा उभा राहील, तशी. चेहरा आठवत नाही, पण ओळखीचा वाटला."

"काही बोलली?"

"म्हणाली, जागा आहे का?"

"आणि तू?"

"मी म्हटलं, आहे की, ये ना आत."

आसलौगने पॅनकेक बशीत ठेवला. तिने अर्धा पॅनकेक ठेवल्याचं मी कधी पाहिलं नव्हतं.

"बाही ओली होती का तिची? उजवी, कोपरापर्यंत?"

हे मी स्टेनारलाही सांगितलं नव्हतं. मी फक्त मान हलवली.

"रानवेग," ती म्हणाली. "याच घरात राहायची. मी शाळेत जाणारी पोर होते."

"आपली कुणी?"

"कुणाचीच नाही. या घराची."

"काय झालं तिला?"

"बाहेर गेली."

"म्हणजे वारली?"

"बाहेर गेली म्हणतेय ना. काहीतरी आणायला गेली आणि आत आली नाही. नवरा शेवटपर्यंत सांगायचा की ती आतच आहे म्हणून." आसलौगने कप उचलला, रिकामा होता, तरी तोंडाला लावला. "दे तिला नाव."

"माझ्या मुलीला मी एका परक्या बाईचं नाव ठेवू?"

"परकी कशाने? तूच म्हणालीस ना, ये आत."

"झोपेत म्हटलं, आसलौग! दारात बाई भिजून उभी आहे तर काय म्हणणार, जा म्हणून?"

"तेच तर," ती म्हणाली. "आपल्यातलं कुणी तसं म्हणणार नाही. तिला ते माहीत आहे."

३

दोन दारांमधली ती खोली आमच्या घरात सगळ्यात छोटी. तिला खिडकी नाही, म्हणून मी तिथे सेन्सरचा दिवा बसवला होता. माणूस आला की आतला रिले, म्हणजे दिवा चालू-बंद करणारं बटण, आपोआप वाजतो, टक, आणि दिवा लागतो. माणूस गेला की थोड्या वेळाने पुन्हा टक. हा आवाज इतरांना ऐकूही येत नाही. मला भिंतीपलीकडून येतो, जसा शिक्षकाला मागच्या बाकावरचा कागद ऐकू येतो.

त्या आठवड्यात पोरगी दुपारी झोपली की रिले वाजायला लागला. टक. मी काचेच्या दाराकडे बघायचे. धुरकट काच, मागे उजेड, आणि कुणी नाही. मग टक, आणि अंधार.

सेन्सर खराब होतात. मी तो काढला, व्हॅनमधून नवा आणून बसवला. वायरी तपासल्या, अर्थिंग तपासलं. दुसऱ्या दिवशी पोरगी झोपली आणि टक.

मग बूट. बुटांची फळी भिंतीला लागून आहे. काचेच्या दाराजवळ माझे बूट, कारण मी घरात जास्त असते. शेजारी स्टेनारचे, मग आसलौगने इथे ठेवलेले लाकडी तळाचे जोडे. माझ्या लक्षात आलं की माझे बूट बाहेरच्या दाराकडे सरकलेत. काचेच्या दाराजवळ एक जोड मावेल एवढी जागा मोकळी. मी बूट परत जागेवर ठेवले. संध्याकाळी पुन्हा सरकलेले. आणि त्या मोकळ्या जागेवर फळी ओली.

पाण्याची नळी गळतेय म्हणून मी फळीमागची भिंतीची पट्टी उचकटली. आत भुसा होता, कोरडा ठणठणीत, आणि जुन्या काळचं एक वर्तमानपत्र. मी पट्टी परत ठोकली आणि बराच वेळ हातोडी हातात धरून जमिनीवर बसून राहिले. मला कारण सापडत नव्हतं. कारण नसणं वेगळं आणि न सापडणं वेगळं, हे मी स्वतःला पुन्हा पुन्हा सांगत होते, आणि माझा आवाज मला पटत नव्हता.

त्या दुपारी मी एक आचरटपणा केला. पोरगीला मांडीवर घेऊन स्वयंपाकघरात बसले आणि बारशाआधीच नाव उच्चारलं. "डाग्नी," मी म्हटलं. तिने जांभई दिली. आईचं नाव किती दिवसांनी घरात बोललं गेलं, या विचाराने मला एकदम भरून आलं. मग, नुसतं बघावं म्हणून, मी दुसरं नाव घेतलं. हळू. रानवेग.

पोरगी हलली नाही. बुटांच्या खोलीत टक झालं, आणि धुरकट काच उजळली.

मी ते नाव दुसऱ्यांदा घेतलं नाही.

४

"तुझी झोप होत नाही," स्टेनार म्हणाला. हे नवरे म्हणतातच.

"झोपेने बूट सरकत नाहीत."

"मी सरकवत असेन. मी दारातून कसा येतो तुला माहीत आहे. माझ्यापेक्षा गाई बऱ्या."

"आणि ओलं?"

"माझेच बूट ओले असतात."

"स्टेनार, ओलं तुझ्या बुटांखाली नसतं. जिथे कुणाचेच बूट नसतात तिथे असतं."

तो वाळवलेल्या माशाचा तुकडा लोण्यात बुडवता बुडवता थांबला. स्टेनार चेष्टेखोर आहे, पण मला हसत नाही, म्हणून तर मी त्याच्याशी लग्न केलं. मी त्याला सगळं सांगितलं. स्वप्न, बाही, टक. तो ऐकत राहिला आणि मग म्हणाला, "बरं. मग तिला देऊन टाकू ना."

"पहिलं नाव डाग्नीच राहणार!"

"अगं, पहिलं कोण मागतंय? दुसरं नाव आपल्याला हवंच आहे. डाग्नी रानवेग. ऐकायलाही बरं वाटतं. दुसऱ्या नावाला कोण विचारतं? माझं दुसरं नाव तुला लग्नाच्या दिवशी कळलं आणि तू पाद्रीसमोर फिदीफिदी हसलीस."

"एगेदियुस म्हटल्यावर कोण हसणार नाही?"

"बघ. म्हणजे दुसरं नाव म्हणजे मागची खोली. पाहुण्याला झोपायला द्यायची. आपल्याला त्रास नाही, पाहुणा खूष."

माझ्या छातीवरचं ओझं खरंच उतरलं. किती साधं होतं. भाराचे दोन भाग करून दोन फ्यूजवर टाकतात तसं. आईचं नाव आईच्या जागी, आणि त्या बाईला मागची खोली. मला एकदाही वाटलं नाही की आधी त्या बाईला विचारावं, तुला नेमकी कुठली जागा हवी आहे.

५

जूनमध्ये आमच्या बैठकीच्या खोलीत बारसं झालं. रात्रीसुद्धा उजेड असतो तेव्हा, त्यामुळे माणसं निवांत असतात. पाद्री गेर्दुर आली, ती माझ्या शाळेतली. तिने कोमट पाणी मागितलं, काचेच्या वाडग्यात ओतलं आणि कोपर बुडवून बघितलं. तिची बाही ओली झाली. डावी. मी उगाच बघितली.

पोरगीला माझ्या हातात देऊन सगळे गोल उभे राहिले. सगळ्यांच्या पायात मोजे, एकाच्या मोज्याला भोक. आसलौगने माझ्याकडे बघायचं टाळलं होतं.

"मुलीचं नाव काय?" गेर्दुरने विचारलं.

"डाग्नी रानवेग," मी म्हटलं.

सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. आसलौग रडली, मोठ्याने, नाक शिंकरत. डोक्यावर पाणी पडलं तशी पोरगी, म्हणजे डाग्नी आता, टाहो फोडून रडली, आणि मला इतका आनंद झाला की मीही रडले. आईचं नाव परत माणसात आलं होतं. लोक केक खात ते नाव घेत होते. डाग्नी, अगदी आजीसारखं कपाळ. डाग्नीला रुमाल दे. मला वाटलं, आई, ऐकतेस ना.

सगळे गेल्यावर मी बुटांच्या खोलीत गेले. टक, दिवा लागला, माझ्यासाठी. माझे बूट काचेच्या दाराजवळ, जिथल्या तिथे. मी फळीवरून हात फिरवला. कोरडी.

मी तिथेच मोठ्याने हसले आणि स्टेनारला म्हटलं, "तुझं मागच्या खोलीचं गणित बरोबर निघालं, एगेदियुस."

६

उन्हाळा चांगला गेला. हे मुद्दाम सांगते, कारण नंतर मला तो पुन्हा पुन्हा आठवत राहिला. बाबागाडी फिरली नाही. रिले उगाच वाजला नाही. मी रुबार्बच्या आंबट देठांचा मुरंबा केला, जळला, तरी आम्ही खाल्ला. डाग्नी हसायला शिकली. मला बघून तिचा सगळा चेहराच हसायचा, पाय झाडत, मुठी नाचवत.

ऑगस्टच्या शेवटी ती हाकेला वळायला लागली.

पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी चुलीपाशी होते आणि ती खाली चटईवर पालथी. मी हाक मारली, "डाग्नी!" तिने मान वळवली, आणि काचेच्या दाराकडे बघितलं. हाक तिकडून आल्यासारखं. मी तिच्या समोर जाऊन बसले. "डाग्नी, इकडे." ती दाराकडे बघून हसली. सगळ्या चेहऱ्याने.

डॉक्टर म्हणाली, "कान उत्तम आहेत. हळूहळू आवाजाची दिशा कळेल."

मग स्टेनार. एकदा मी दोरीवरचे कपडे काढून आत आले तर तो म्हणाला, "सापडली का?"

"काय?"

"चावी. तूच म्हणालीस ना आत्ता जिन्यात, चावी सापडत नाही म्हणून."

"मी बाहेर होते, स्टेनार."

त्याने माझ्या हातातल्या कपड्यांच्या ढिगाकडे बघितलं. मग हसला. "म्हातारा झालो," म्हणाला. तो चाळिशीचासुद्धा नाही. दोन-चार दिवसांनी पुन्हा तेच. मी व्हॅनमध्ये सामान लावत होते, आणि आत आल्यावर तो म्हणाला, "तू म्हणालीस तसं मासे लवकर काढले." मी काही म्हणाले नव्हते. पण मी वाद घातला नाही. मला भीती वाटत होती, आणि ती भीती त्याला सांगितली तर ती खरी होईल असं वाटत होतं.

आसलौग रविवारी आली आणि मला म्हणाली, "मागच्या वेळेपेक्षा किती बरी दिसतेस. तेव्हा केवढी भिजली होतीस."

मी विचारलं नाही, कधी.

आणि बूट. ते पुन्हा सरकायला लागले होते, पण आता सावकाश. आधी स्टेनारच्या पलीकडे, मग आसलौगच्या जोड्यांच्या पलीकडे. मी परत ठेवायचे. मग एक दिवस बाहेरच्या दाराला टेकलेले. सप्टेंबरमध्ये एका सकाळी मी दार उघडलं तर ते बाहेर पायरीवर होते. टोकं रस्त्याकडे. सोडायला आलेल्या माणसाने नीट लावून ठेवावेत तसे.

७

त्या दुपारी वारा होता. स्टेनारची सुट्टी होती, तो मासे तळत होता. डाग्नी बाहेरची झोप संपवून उठली, मी तिला आत आणलं, चटईवर ठेवलं आणि खिडकीतून बघितलं. टोपी बाबागाडीतच राहिली होती. आईने विणलेली. मी बघत असतानाच वाऱ्याने ती उचलली, हवेत एकदा फिरवली, आणि पाण्याच्या पिंपात टाकली.

"टोपी!" मी ओरडले आणि धावले. बूट पुन्हा पायरीवर होते. मी ते चढवले. त्या घाईतही ते किती सोयीचं झालं, असं मला वाटून गेलं.

टोपी पाण्यावर तरंगत नव्हती. लोकर भिजून खाली जात होती, तिचा लाल काठ तेवढा दिसत होता. मी हात घातला. पाणी इतकं गार होतं की हाडं दुखली. बोटांना काठ लागला, निसटला. मी वाकले, आणखी हात घातला, कोपरापर्यंत. मग ती हाताला लागली. मी ती बाहेर काढली, पिळली, छातीशी धरली आणि खुळ्यासारखं म्हटलं, "सापडलीस गं."

उजव्या बाहीतून पाणी गळत होतं. मी बाहीकडे बघितलं. कोपरापर्यंत ओली.

मी खिडकीकडे बघितलं. स्टेनार चुलीपाशी, पाठमोरा. टेबलापाशी माझ्या खुर्चीवर कुणीतरी बसलं होतं. खिडकीच्या चौकटीमुळे फक्त खांदा आणि हात दिसत होता. बाही कोरडी होती. त्या हातावर डाग्नी होती, आणि वर बघून हसत होती. पाय झाडत, मुठी नाचवत.

मी धावले. बाहेरचं दार ढकलून बुटांच्या खोलीत आले. अंधार होता. मी थांबले, सवयीने, टक व्हायची वाट बघत. टक झालं नाही. मी सेन्सरसमोर हात हलवला. तो मी बसवलेला होता, मीच तपासलेला होता. मी दोन्ही हात हलवले. दिवा लागला नाही.

धुरकट काचेतून स्वयंपाकघराचा उजेड येत होता, तेवढ्यात मी बूट काढले. काढायचेच असतात, घाईतही काढले. ठेवायला गेले तर काचेच्या दाराजवळ, माझ्या जागी, एक जोड होता. जुन्या पद्धतीचा, ओला. फळीवर पुढे कुठेच जागा नव्हती.

आत स्टेनारने माझं नाव घेऊन हाक मारली, "हेर्दिस! कॉफी घेणार?"

मी हो म्हणायला तोंड उघडलं.

"घेते की," आतून आवाज आला. माझाच आवाज, फक्त जरा प्रसन्न. "तुझी लेक मला उठू देईना."

तो हसला. डाग्नीही हसली. खुर्ची सरकल्याचा आवाज झाला, कप ठेवल्याचा झाला. नाव मागायला आली होती, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. कुणाचं, ते आमच्यापैकी एकानेही विचारलं नव्हतं.

दार ढकलायचं, बस. आयुष्यभर ते मी ढकललं होतं. माझं घर, माझा नवरा, माझ्या आईचं नाव लावणारी माझी मुलगी. मी हात उचलला. हाताने दार ढकललं नाही. हाताने काचेवर टकटक केलं, हळूच, परक्या माणसासारखं.

मग मोज्यांची पावलं दाराकडे आली. काचेवर एका बाईची सावली पडली, माझ्याएवढ्या उंचीची, आणि दार उघडलं. दारातल्या उजेडाने माझे डोळे दिपले.

मला ओरडायचं होतं. ती माझी आहे. तिचं नाव डाग्नी आहे. तिची टोपी बघ, माझ्याकडे आहे. मी ओल्या हाताने बूट घट्ट धरले होते आणि बाहीतलं पाणी फळीवर ठिबकत होतं.

"जागा आहे का?" मी विचारलं.